कवीचं पूर्ण नाव आधी शोधा

प्रश्न (कोथरूडहून एक शिक्षिका): ताई, आठवीच्या मुलांना कवींची माहिती नेटवरून शोधून आणायला सांगितलीय. एका मुलीच्या वाट्याला कवी 'बी' आलेत. ती बिचारी रडकुंडीला आली, कारण गूगलवर 'बी' टाकलं की बियाण्यांपासून मधमाश्यांपर्यंत सगळं येतं, कवी येतच नाही. त्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'चाफा' ही कविता भलत्याच कवीच्या नावाने फिरतेय. खरी माहिती शोधायची कुठे?

उत्तर: त्या मुलीला सांगा की चूक तिची नाहीये, टोपणनावाने शोधणाऱ्या प्रत्येकाचं हेच होतं. 'बी' म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, जन्म १८७२, मलकापूरचा, आणि गेले १९४७ साली. आता हे पूर्ण नाव टाकून शोधायला लावा, फरक लगेच दिसेल. 'अनिल' टाकलं तर जगातले सगळे अनिल येतात, पण आत्माराम रावजी देशपांडे टाकलं की बरोबर कवी समोर. ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, आरती प्रभू म्हणजे खानोलकर, तसंच हे. म्हणून मी मुलांना नेहमी सांगते, वहीत आधी तीन गोष्टी लिहा, पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षं आणि एका तरी पुस्तकाचं नाव, मगच मोबाईल हातात घ्या.

सुरुवात मराठी विश्वकोशापासून करा, तो नेटवर फुकट आहे आणि नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या आहेत. तिथे नावं आडनाव आधी अशी असतात, त्यामुळे टोपणनावाने नाही सापडलं तर आडनावाने बघायचं. मराठी विकिपीडियाही बघा, पण त्यातलं एखादं साल वहीत उतरवण्याआधी विश्वकोशाशी ताडून घ्यायला लावा, मुलांना ही सवय आत्ताच लागलेली बरी.

कवितेचं म्हणाल तर पुस्तकाचं पान डोळ्यांनी बघेपर्यंत ती कुणाची हे मानूच नका. 'चाफा' बींचीच आहे, त्यांचा 'फुलांची ओंजळ' हा संग्रह १९३४ साली आला. अशी जुनी पुस्तकं शोधायला इंटरनेट आर्काइव्ह आहे, तिथे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची हजारो स्कॅन केलेली पुस्तकं आहेत, फक्त बऱ्याच पुस्तकांची नावं रोमन लिपीत आणि कशीही लिहिलेली असतात, म्हणून 'फुलांची' एकदा पीएचने टाकायचं, एकदा एफने, कधी नुसतं आडनाव टाकायचं, कधी नुसतं 'ओंजळ', पहिल्या फटक्यात नाही मिळालं म्हणून सोडायचं नाही. मराठी विकिस्रोतावर पुस्तकं कमी आहेत पण तिथे बऱ्याचदा टाइप केलेल्या मजकुराशेजारी मूळ पानाचा फोटो असतो, मुलांना ताडून बघायला फार छान. गाणं झालेली कविता असेल तर 'आठवणीतली गाणी' ही साइट उघडा, तिथे गीतकाराच्या नावाने यादी मिळते. पण गाण्यात कधी कधी मूळ कवितेतली कडवी गाळलेली असतात, तेव्हा पूर्ण कवितेसाठी पुस्तकच.

प्रश्न (सिंहगड रोडवरचे एक निवृत्त वाचक): आमचा वीस-पंचवीस जणांचा वाचनकट्टा आहे. बहिणाबाई, मर्ढेकर आणि शांताबाईंच्या कविता नेटवरून घेऊन छोटी पुस्तिका छापायचा विचार आहे. नेटवर आहे म्हणजे चालतं ना?

उत्तर: काका, नेटवर आहे म्हणून चालत नाही, प्रत्येकाचं साल बघावं लागतं. आपल्याकडे कवी गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून सगळ्यांना खुल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या पण पुस्तक आलं १९५२ ला, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लिखाणाची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात, म्हणून त्या पहिल्या आवृत्तीतल्या कविता २०१३ पासून मोकळ्या. मात्र त्याच पुस्तकाला अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि अत्रे गेले १९६९ ला, त्यामुळे ती २०२९ संपेपर्यंत हक्कात आहे, एकाच पुस्तकात दोन हिशेब! तेव्हा कविता घ्या, प्रस्तावना आत्ता नको. शांताबाई २००२ साली गेल्या, त्यांच्या कविता छापायच्या तर प्रकाशकाला पत्र लिहून परवानगी मागा. आणि कट्ट्यावर पुस्तक हातात घेऊन वाचा की, त्यांच्या कविता ऐकायलाच किती गोड वाटतात.

प्रश्न (नारायण पेठेतून एक वाचक): माझ्या आजोबांच्या दोन-तीन कविता १९३० च्या सुमारास मासिकात आल्या होत्या असं आई सांगायची. नेटवर काहीच मिळत नाही.

उत्तर: स्कॅन केलेल्या मासिकांच्या आत काय आहे हे गूगलला बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून 'नेटवर नाही' याचा अर्थ 'नाहीच' असा अजिबात घेऊ नका. आधी आईच्या बोलण्यातून मासिकाचं नाव आठवतंय का बघा, किर्लोस्कर होतं का रत्नाकर, का दुसरंच काही. पुस्तकही काढलं असेल अशी शंका असेल तर शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची बघा, तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं आहेत. मासिकांसाठी मात्र उठून जावंच लागेल, आणि तुम्ही तर नारायण पेठेत राहता, पुणे मराठी ग्रंथालय तुमच्या पेठेतच आहे, टिळक रोडला साहित्य परिषद आहे, आणि नगर वाचन मंदिर तर १८४८ पासूनचं. जाण्याआधी फोन करून जुन्या बांधीव अंकांचं विचारून घ्या. कविता सापडली की नुसता कवितेचा फोटो काढून येऊ नका, अंकाचं मुखपृष्ठ आणि महिना-वर्ष छापलेलं पानही काढा. आणि मला नक्की कळवा.