निओ-६एम जीपीएस मॉड्यूल ५ हर्ट्झवर (सेकंदाला पाच वेळा माहिती) टाकलं की डेटा तुटका येतो, आणि काही दिवस बंद ठेवलं की सेटिंग उडतं. अर्डुइनो ऊनो बोर्डाला सॉफ्टवेअरसिरीयलनं (साध्या पिनांवर कोडनं चालवलेला सिरीयल पोर्ट) जोडलंय. मॉड्यूल डुप्लिकेट असेल का?

नाहीये हो डुप्लिकेट. बाजारात नकली माल चिकार आहे हे खरं, पण तुम्ही जे लिहिलंय ते अस्सल मॉड्यूल पण अगदी असंच करतं.

आधी हिशोब करा, तो कोणीच करत नाही. ९६०० बॉड (मॉड्यूलचा डिफॉल्ट बोलण्याचा वेग) म्हणजे सेकंदाला ९६० बाइट, कारण स्टार्ट-स्टॉप धरून एका बाइटमागे १० बिट जातात. डिफॉल्टला आरएमसी, व्हीटीजी, जीजीए, जीएसए, जीएसव्ही, जीएलएल अशी सहाही वाक्यं (मॉड्यूल पाठवतं त्या माहितीच्या ओळी) चालू असतात, त्यात आकाश मोकळं असलं की एकट्या जीएसव्हीच्याच (दिसणाऱ्या सॅटेलाइटांची यादी) तीन ओळी. एका फेरीला साधारण ४५०-५०० बाइट धरा, पाच फेऱ्यांचे झाले अडीच हजार. ९६० च्या वाटेनं ते जाणार कसे? लोक लगेच बॉड वाढवतात. अरे पण आधी बडबड कमी करा ना! नुसतं आरएमसी आणि जीजीए ठेवलं तर दोन्ही मिळून दीडशेच्या आत, पाचपट केलं तरी साडेसातशे, म्हणजे ९६०० वरच बसतंय. वेळ, तारीख, जागा, वेग, दिशा आरएमसीत मिळते. उंची, सॅटेलाइट किती न एचडीओपी (सॅटेलाइटांच्या मांडणीमुळे जागा किती चुकू शकते त्याचा आकडा) जीजीएत. जीएलएल कोण वापरतं देव जाणे.

'डुप्लिकेट' ऐकलं की माझं डोकं फिरतं त्याला कारण आहे. मी एका छोट्या कंपनीत होतो, उसाच्या ट्रॅक्टरना ट्रॅकर बसवायचो, फडावरून निघालेली गाडी कुठे पोचली न काट्यावर कधी येईल हे कारखान्याच्या शेतकी खात्याला दिसावं म्हणून. आमच्या साहेबांचं ठाम मत, डेटा जेवढा जास्त तेवढा चांगला, कस्टमरला दाखवायला बरं पडतं. म्हणून ५ हर्ट्झ, सहाही वाक्यं, आणि ते सगळं मावावं म्हणून ३८४०० बॉड. मी म्हटलं साहेब, दोन ट्रेलर भरून निघालेला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरनं चालतो, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, ५ हर्ट्झला दर मीटरभरावर एक पॉइंट पडणार, आणि या रिसीव्हरची स्वतःची अचूकता मोकळ्या आकाशाखाली अडीच मीटर. जेवढी चूक आहे त्याहून बारीक मोजून करायचंय काय? तर म्हणे तू कोड बघ, हार्डवेअरचं आम्ही बघतो.

दुसरं भांडण सेव्हवरून. मॉड्यूल टेबलावर यू-सेंटरनं (कंपनीचं सेटिंगचं सॉफ्टवेअर) सेट करायचं, सेव्ह मारायचं, डब्यात घालायचं ही साहेबांची पद्धत. आता निओ-६एमच्या पोटात फ्लॅश नसते, सेव्ह जातं बॅटरीवर जगणाऱ्या रॅममध्ये, आणि बोर्डवरचा तो सेल केवढासा असतो बघा. मी पहिल्यापासून म्हणत होतो की दर बूटला कोडच सेटिंग पाठवू दे. नको, चालू गोष्टीला हात लावायचा नाही.

हंगाम संपला, ट्रॅकर काढून गोडाऊनला पडले, पावसाळाभर कोणी करंट दिला नाही, सेल उतरले. दिवाळीच्या आसपास मोळी पडली, गाळप सुरू झालं, ट्रॅकर परत चढवले तर एकही बोलेना! मॉड्यूल गपचूप ९६०० वर परत गेलेलं आणि आमचा कोड ३८४०० वर कान लावून बसलेला, मग नुसता कचराच येणार. साहेबांनी जाहीर केलं की माल डुप्लिकेट लागला, नवीन लॉट मागवा. मी एक डबा उघडला, यूएसबी-टीटीएल (कॉम्प्युटरला जोडायचा अडॅप्टर) लावलं, ९६०० ठेवलं, ओळी एकदम स्वच्छ. म्हणाले हा एक बरा निघाला असेल. दुसरा उघडला, तोही तसाच. तिसरा उघडायला घेतला तर त्यांना फोन आला. मग कोड बदलला: बूट झालं की आधी ९६०० वर ऐकायचं, चेकसम (ओळ धड आली का ते तपासायचा शेवटचा आकडा) जुळणारं वाक्य मिळालं तर तिथेच कमांड पाठवायच्या, नाही मिळालं तर ३८४०० वर बघायचं. गाड्या दिसायला लागल्या. रिपोर्टात काय लिहिलं गेलं? व्हेंडरची क्वालिटी सुधारली!

असो, तुमचं. सॉफ्टवेअरसिरीयलचा बफर (आलेला डेटा वाचेपर्यंत ठेवायची जागा) ६४ बाइटचा, आणि आरएमसीचं एकच वाक्य सत्तरच्या घरात जातं. लूपमध्ये १०० मिलिसेकंदाचा डिले टाकला असेल तर तेवढ्यात ९६ बाइट येऊन जातात, उरलेले गेले वाया. डिले काढा, आणि बॉड वाढवायच्या नादाला लागू नका, ऊनोवर ते आणखी तुटेल. मग आधी नको ती वाक्यं बंद करा, पीयूबीएक्स ४० या कमांडनं, आणि त्यानंतरच यूबीएक्सच्या (मॉड्यूलची स्वतःची बायनरी भाषा) सीएफजी-रेट कमांडनं २०० मिलिसेकंद, म्हणजे ५ हर्ट्झ. उलट क्रमानं केलंत तर मधल्या वेळात परत तीच गर्दी. यूबीएक्स कमांडला एसीके (मिळाल्याची पोच) येतो, पीयूबीएक्सला येत नाही, तिथे ओळी बंद झाल्या का ते डोळ्यांनी बघायचं. १० हर्ट्झ मागू नका, या चिपची मर्यादा ५ च आहे. हे सगळं सेटअपमध्ये टाका, दर वेळी जाऊ दे.

हां, ड्रोन वगैरे असेल तर ५ हर्ट्झ लागतं, मी ट्रॅक्टरच्या हिशोबानं बोलतोय. काही बोर्डांवर ईईप्रॉम (करंट गेला तरी टिकणारी मेमरी) असते, तिथे सेव्ह टिकतं, तरी पण कोडनंच पाठवा. पुढेमागे याच कंपनीचं नवीन एम८ घेतलंत तर वाक्यं जीपीऐवजी जीएननं सुरू होतील, कोड जीपीआरएमसी शोधत बसला तर फिक्स (जागा सापडलेली) असून काही दिसणार नाही. आणि त्याहून नवीन एफ९ला सीएफजी-व्हॅलसेट ही वेगळी कमांड वापरायची असते, त्याला वर लिहिलेलं जसंच्या तसं पाठवू नका.

एवढं करून पण चेकसम फेल होत असेल तर ग्राउंड कॉमन आहे का (मॉड्यूल आणि ऊनोची ग्राउंड वायर एकत्र जोडलीय का) ते बघा, आणि कच्चा लॉग टाका इथे, दोनेक मिनिटांचा. स्क्रीनचा फोटो नको, त्यातून बाइट मोजता येत नाहीत.