रग्बीच्या संघनिवडीवर वाद घालायचाय? आधी बाकावरचे आठ बघा

तुमच्या पसंतीच्या रग्बी संघाची तुम्ही टाकलेली १५ जणांची यादी वाचली. उत्साह छान आहे, पण नवखे हमखास करतात ती चूक त्यात आहे: राखीव खेळाडूच नाहीत. कसोटीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्याला, संघ २३ जणांचा असतो: सुरुवातीचे १५ आणि बाकावरचे आठ राखीव. शेवटच्या वीस मिनिटांत या आठांपैकी बरेचजण मैदानात असतात.

त्या आठांत पुढच्या फळीचे तीन लागतातच: लूजहेड प्रॉप (डावीकडचा), हूकर (मधला), टाइटहेड प्रॉप (उजवीकडचा). दोन्ही प्रॉप सारखे समजू नका. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून ढकलतात तेव्हा, टाइटहेडवर दोन्ही बाजूंनी दाब येतो, त्यामुळे उत्तम लूजहेड तिथे चालेलच असं नाही.

उरलेल्या पाच जागा हा खरा वादाचा विषय. एकूण आठांची नेहमीची विभागणी पाच फॉरवर्ड (स्क्रममध्ये ढकलणारे), तीन बॅक (मागे राहून चेंडू घेऊन धावणारे). २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने ती सात-एक केली; बाकावर एकही स्क्रमहाफ (स्क्रममधून चेंडू उचलून पुढे देणारा बॅक) नव्हता. हूकर म्बोनाम्बी सुरुवातीलाच जखमी झाला, तेव्हा बहुधा फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) म्हणून खेळणारा फूरी उरलेला सगळा सामना हूकर म्हणून खेळला आणि लाइनआउट (चेंडू बाहेर गेल्यावर हूकर तो आत फेकतो आणि खेळाडू उडी मारून झेलतात) डळमळले. तरी १२-११ ने जिंकले! धोका होता, पण विचारपूर्वक घेतलेला.

नाव सुचवताना एवढं तपासा:
- तो आला तर बाहेर कोण?
- लाइनआउटला उडी घेणारे किमान तीन उरतात का?
- प्लेसकिक (जमिनीवर ठेवलेल्या चेंडूला गोलसाठी मारलेली किक) कोण मारणार?

फक्त ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) मोजून फ्लँकर निवडू नका. त्याचे टॅकल आणि रकमधून (पाडलेल्या खेळाडूभोवतीच्या झुंबडीतून) हिसकावलेले चेंडू बघा. डावपेचांची खोली सध्या राहू द्या. यादी २३ ची करून पुन्हा टाका, मग भांडू.