रिपोर्ट नॉर्मल आलेला पेशंट

प्रिय डॉक्टर,

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी तक्रारी संपत नाहीत’ असं तू वैतागून लिहिलंयस. असा वैताग आला की थांबायचं. नैराश्य आलेला माणूस ‘मला नैराश्य आलंय’ असं क्वचितच म्हणतो. तो डोकेदुखी सांगतो, अंगात त्राण नाही म्हणतो, नाहीतर छातीतली धडधड दाखवायला येतो. ‘तुम्हाला काही झालेलं नाही, विचार करू नका’ म्हणून त्याला वाटेला लावू नकोस.

दोन प्रश्न विचार. गेल्या 2 आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होतं का? पूर्वी ज्यात रमत होतात, त्यातली गोडी गेलीय का? दुसऱ्या प्रश्नाला अनेक जण थबकतात. मग घाई करू नकोस. झोप, भूक, स्वतःला दोष देणं, सततची काळजी, सगळं विचार. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचार. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. काही ठरवलंय, साधनही हाताशी आहे असं कळलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरच्यांना बोलव आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठव.

थायरॉइड, रक्तक्षय आणि दारू तपासायला विसरू नकोस. आणखी एक, जे घाईत हमखास राहून जातं: पूर्वी कधी झोप नसतानाही दिवसेंदिवस उत्साह उतू जात होता का? तसं असेल तर नुसती नैराश्याची गोळी मॅनियाकडे, म्हणजे उत्साहाच्या बेफाम, आजारी टोकाकडे ढकलू शकते. अशा वेळी चिठ्ठी तज्ज्ञांनीच लिहावी.

आजार सौम्य असेल तर समुपदेशनाने भागतं. गोळी दिलीस तर तिचा गुण यायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्या दिवसांतच सुरू होते. हे आधी सांगितलं नाहीस, तर चौथ्या दिवशी गोळ्या कपाटात जातात. बरं वाटल्यावरही किमान 6 महिने चालू ठेवायच्या, आणि बंद करायच्या त्या हळूहळू, हेही तेव्हाच सांग. झोपेच्या गोळ्यांबाबत मी कंजूष आहे. लगेच आराम पडतो म्हणून पेशंट खूश होतो, पण सवय लागली की सुटता सुटत नाही.

परत यायची तारीख चिठ्ठीवर तूच लिही, 2 आठवड्यांच्या आतली. आला नाही, तर फोन कर.