वाचकांचे प्रश्न : विमानतळावर वाइनचा एक पेला

प्रश्न : मी खानापूरचा निवृत्त शिक्षक असून पुढील महिन्यात आम्ही उभयता मुलाकडे परदेशी निघालो आहोत. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरूला जायचे आणि तेथे चार तास थांबून पुढचे विमान पकडायचे आहे. तेवढ्या वेळात वाइन बारमध्ये बसून थोडे काही खावे व एखादा पेला घ्यावा, असे मनात आहे. वाइन यापूर्वी दोनदाच चाखली आहे. काय मागवावे, आणि विमानात त्रास तर होणार नाही ना? पत्नीला मात्र हे या वयात शोभत नाही, असे वाटते.

उत्तर : शोभण्याचा निवाडा तुम्ही दोघांनी करावा, मला त्यात वावगे काही दिसत नाही. मात्र सामान, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी उरकल्याशिवाय बारकडे वळू नका, कारण चार तासांतले किती हाती राहतील हे तेथील रांगाच ठरवतात.

आपल्या भागातील जिभेला तिखटाची सवय असते, आणि तिखट पदार्थाबरोबर कडक, तुरट लाल वाइन घेतली की तोंडातला जाळ वाढतो. म्हणून शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यॉं या लाल वाइनऐवजी थंड केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन मागवावी. नाशिकच्या वाइनरींमुळे हे नाव आता पुष्कळांच्या परिचयाचे झाले आहे. कर्नाटकातली हवी असल्यास नंदी टेकड्यांच्या परिसरातील वाइन मिळते का, ते विचारावे. (आपल्या अथणीकडेही द्राक्षे पिकतात, पण त्यांतली बरीचशी बेदाण्याच्या वाटेला जातात.) पेला किती मिलिलिटरचा आणि किमतीला किती, हे आधीच विचारण्यात कसलाही कमीपणा नाही, विमानतळावरचे दर पाहून पुष्कळांची नशा पिण्याआधीच उतरते.

चाखणा म्हणून खारे शेंगदाणे आणि वेफर्स टाळावेत, कारण मिठाने तहान वाढते आणि विमानातील हवा मुळातच अतिशय कोरडी असते. पनीर, चीज, उकडलेली अंडी किंवा साधे सँडविच बरे. आधी चार घास खावेत आणि मगच पहिला घोट घ्यावा, कारण पोटात अन्न असले की मद्य रक्तात सावकाश उतरते. पेल्याबरोबर तेवढेच पाणीही प्यावे.

आता त्रासाविषयी. तेरा टक्के मद्यांश असलेल्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १५ ग्रॅम शुद्ध मद्य असते आणि त्याचा निचरा करायला यकृताला साधारण दीड ते दोन तास लागतात. विमान उंचावर असताना केबिनमधील हवेचा दाब सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका विरळ असतो. अशा हवेत रक्तातील प्राणवायू थोडा घटतो, आणि त्यात मद्याची भर पडली की झोप, डोकेदुखी किंवा गरगरणे अधिक जाणवते. म्हणून एकच पेला घ्यावा, तोही उड्डाणाच्या दोन तास आधी संपेल अशा बेताने, आणि विमानात पुन्हा विचारणा झाली तर नम्रपणे नको म्हणावे. रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा झोपेची गोळी चालू असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा एक पेलाही घेऊ नये.

पत्नींनाही सोबत न्या. तेथे लिंबू-सोडा मिळतो आणि सामानावर लक्ष ठेवायलाही कुणीतरी हवेच.