पाण्याबरोबर चालणारे युरेनियम : वाचकांचे प्रश्न

झारखंडमधल्या जादुगुडा खाणीवरील आमच्या लेखानंतर बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले पाच येथे घेतले आहेत.

प्रश्न : जादुगुडाच्या खनिजात युरेनियम ऑक्साइड ०.०५ टक्क्यांच्या आसपास, तर कॅनडातल्या सिगार लेकमध्ये १५ टक्क्यांहून जास्त. एकाच मूलद्रव्याच्या साठ्यांत एवढी तफावत कशी?
– भूगोल शिक्षिका, वाई

उत्तर : याचे मूळ युरेनियमच्या एका स्वभावात आहे. ऑक्सिजन भरपूर असेल तिथे ते सहा संयुजेचे होते आणि पाण्यात, त्यातही कार्बोनेट असलेल्या पाण्यात, विरघळून वाहून जाते. ऑक्सिजन संपला की ते चार संयुजेचे होते आणि युरेनिनाइट या काळ्या खनिजाच्या रूपात जागीच बसते. भूकवचात ते सरासरी टनाला जेमतेम २.७ ग्रॅम असते. म्हणजे साठा व्हायचा तर आधी कुणीतरी ते गोळा केले पाहिजे आणि मग एकाच जागी सोडले पाहिजे. गोळा करते पाणी. सोडायला लावतात ग्राफाइट, पायराइट, गाडले गेलेले वनस्पतींचे अवशेष यांसारखे ऑक्सिजन खाणारे पदार्थ.

सिगार लेक ज्या अथाबास्का खोऱ्यात आहे तिथे ही सगळी व्यवस्था अगदी जुळून आली. झिजून सपाट झालेल्या प्राचीन खडकावर जाड वालुकाश्म बसला. त्यातून गरम, खारे, ऑक्सिजनयुक्त पाणी फिरत राहिले, आणि खालच्या खडकातल्या ग्राफाइटच्या पट्ट्यांवर जिथे भेगा होत्या तिथे दोन्हींची गाठ पडली. सांधा अरुंद, पण पुरवठा कोट्यवधी वर्षांचा. त्यामुळे प्रत इतकी वर गेली. त्याची किंमतही आहे : साठा सुमारे ४५० मीटर खोल, पाण्याने गच्च भरलेल्या वालुकाश्माला लागून आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये बांधकाम चालू असतानाच खाण पाण्याखाली गेली आणि उत्पादन सुरू व्हायला २०१४ उजाडले. आता तिथे खारे थंड पाणी नळ्यांतून फिरवून जमीन आधी गोठवतात आणि मग उच्च दाबाच्या पाण्याच्या झोताने खनिज कापतात. माणूस खनिजाच्या थेट समोर उभा राहत नाही.

जादुगुडाचा साठा १९५१ मध्ये सापडला. तो सिंगभूमच्या शिअर झोनमध्ये, म्हणजे खडक एकमेकांवर घसटून चिरडले गेले त्या लांबलचक पट्ट्यात आहे. तिथे युरेनियम बारीक कणांनी शिस्ट नावाच्या पापुद्र्यांच्या खडकात पसरले आहे. पट्टा मोठा, पण प्रत कमी. खोदायचे मात्र ९०० मीटरपर्यंत खाली.

एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. तेव्हा युरेनिनाइटचे कण न विरघळता नदीच्या वाळूत सोन्यासारखे गडगडत साचत. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडचे साठे तसे आहेत. त्यानंतरच्या काळात त्या जातीचे साठे तयारच झाले नाहीत. हवा कधी बदलली याचा हा दगडातला पुरावा आहे.

प्रश्न : सह्याद्रीत ट्रेक करताना गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारे यंत्र) नेला तर युरेनियम सापडू शकेल का? ऑनलाइन घेतलेले यंत्र एका दगडावर दीडपट आकडा दाखवत होते.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, युरेनियम साधारणपणे टनाला १ ग्रॅमहूनही कमी असते. ग्रॅनाइटमध्ये ते ३ ते ५ ग्रॅम असते. तेव्हा घाटातल्या कातळावर फार आशा ठेवू नका.

आता दीडपट आकड्याविषयी. मोजणीचा आकडा जेवढा, त्याच्या वर्गमुळाएवढा चढउतार निव्वळ योगायोगाने होतो. मिनिटाला २५ ठोके येत असतील तर २० ते ३० काहीही दिसेल, आणि कधीमधी ३५ सुद्धा. म्हणून आधी दगडापासून दूर, त्याच उंचीवर, किमान १० मिनिटे पार्श्वभूमी मोजा. मग दगडाला टेकवून तितकाच वेळ. ४०० ठोके जमले तर चूक ±२०, म्हणजे ५ टक्के राहते. फरक या चुकीच्या तिपटीहून जास्त असेल तरच तो खरा माना.

फरक खरा ठरला तरी तो युरेनियमचा असेलच असे नाही. गायगर नळीला पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियम यांतला भेद कळत नाही. त्यासाठी ऊर्जा मोजणारा गॅमा स्पेक्ट्रोमीटर लागतो : पोटॅशियमची रेषा १.४६, थोरियमसाठी २.६१ आणि युरेनियमसाठी १.७६ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टवर. त्यातही १.७६ ची रेषा युरेनियमची स्वतःची नसून त्याच्या वंशातल्या, म्हणजे त्याच्या ऱ्हासातून एकामागून एक बनणाऱ्या मूलद्रव्यांच्या साखळीतल्या, बिस्मथ-२१४ ची आहे. यंत्राला दिसतो तो खापरपणतू. पूर्वज त्याच घरात राहतो की कधीच निघून गेला, हे त्याला सांगता येत नाही. ऑक्सिजनयुक्त पाण्याने युरेनियम धुऊन नेले आणि रेडियम मागे राहिले, तर यंत्र जोरात वाजते आणि रासायनिक तपासणीत हाती काही येत नाही. उलट युरेनियम नुकतेच येऊन बसले असेल तर साठा चांगला असूनही यंत्र गप्प राहते, कारण मधल्या थोरियम-२३० चे अर्धायुष्य सुमारे ७५,००० वर्षे आहे आणि वंश पूर्ण भरायला लाखो वर्षे लागतात.

प्रयोगशाळेतली आणखी एक नेहमीची चूक : दगड कुटून लगेच मोजणे. कुटताना त्याच वंशातला रेडॉन वायू निसटतो आणि आकडा कमी येतो. भुकटी हवाबंद डब्यात ३ ते ४ आठवडे ठेवून मगच मोजावी.

प्रश्न : खनिजापासून पिवळी भुकटी, म्हणजे यलोकेक, नेमकी कशी काढतात? आंध्रातल्या तुम्मलपल्लेला जादुगुडासारखे आम्ल का वापरत नाहीत?
– निवृत्त रसायन अभियंता, डोंबिवली

उत्तर : आधी हिशेब. ०.०५ टक्के प्रतीच्या १ टन खनिजात ५०० ग्रॅम युरेनियम ऑक्साइड. ८० टक्के हाती लागले तर ४०० ग्रॅम. उरलेले ९९९ किलोंहून जास्त बाहेर टाकायचे. गिरणीची सगळी रचना या आकड्याभोवती आहे.

खनिज फोडून, पाण्यासह दळून बारीक लगदा करतात. तो उंच, खाली निमुळत्या पाचुका टाक्यांत जातो. तळातून दाबाची हवा सोडून तो घुसळत ठेवतात. त्यात सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच १.५ ते २ च्या दरम्यान राखतात आणि पायरोल्युसाइट, म्हणजे मँगनीज डायऑक्साइडचे खनिज, घालतात. चार संयुजेचे युरेनियम नुसत्या आम्लात जवळजवळ विरघळत नाही. निसर्गाने बसवले ते उठवायला पुन्हा ऑक्सिडीकरणच लागते. मँगनीज मात्र हे काम थेट करत नाही. ते फेरस लोहाचे फेरिक करते आणि फेरिक लोह युरेनियमला सहा संयुजेवर नेते. द्रावणात लोह कमी असेल तर पायरोल्युसाइट कितीही ओतले तरी विरघळणे थांबते, आणि नवखा माणूस आम्ल वाढवत बसतो.

आम्ल वाढवण्याचा परिणाम पुढे दिसतो. पीएच फार खाली गेला की सिलिका विरघळते, गाळणीची कापडे चोंदतात आणि द्रावणातले युरेनियम धरून ठेवणाऱ्या आयन-विनिमयाच्या रेझिनवर साका बसतो. शिवाय बायसल्फेट रेझिनवरची युरेनियमची जागा अडवते. पीएच फार वर गेला तर फेरिक लोह गाळ होऊन खाली बसते आणि ऑक्सिडीकरण करणाराच नाहीसा होतो. क्लोराइड जास्त असलेले पाणी वापरले तरी रेझिन कमी युरेनियम धरते, म्हणून पुन्हा वापरायच्या पाण्याची तपासणी टाळू नये. रेझिनवरून उतरवलेल्या द्रावणातले लोह काढून टाकतात आणि त्यातून युरेनियमच्या संयुगाचा पिवळा साका पाडतात. तो पुढे हैदराबादच्या अणुइंधन संकुलात जातो.

तुम्मलपल्लेचा खडक डोलोस्टोन, म्हणजे बहुतांश कार्बोनेट आहे. खनिजात १ टक्का कॅल्शियम कार्बोनेट असेल तर टनामागे १० किलो झाले, आणि ते जवळजवळ तितकेच, ९.८ किलो, सल्फ्युरिक आम्ल खाते. खडक सगळाच कार्बोनेटचा असेल तर टनामागे जवळपास टनभर आम्ल खडकातच जिरेल. म्हणून तिथे सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचे द्रावण, ऑक्सिजनसह, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भांड्यात, १०० अंशांच्या वर तापवून वापरतात. हे द्रावण खडकाला हात लावत नाही, फक्त युरेनियम उचलते. पण खडक फुटत नसल्यामुळे आत अडकलेला कण मोकळा होत नाही. दळण फार बारीक करावे लागते आणि विजेचे बिल तिथे वाढते.

टाकाऊ गाळाकडे दुर्लक्ष करू नका. खनिजातला मूळ किरणोत्सार सुमारे ८५ टक्के त्यातच उरतो, कारण रेडियम आणि थोरियम-२३० यलोकेकमध्ये फारसे जात नाहीत. गाळातले आम्ल चुन्याने मारतात. जाडसर भाग खाणीतल्या रिकाम्या पोकळ्या भरायला परत जातो, बारीक भाग बांध घातलेल्या तळ्यात. तळ्यातून निघणाऱ्या पाण्यातले रेडियम बेरियम क्लोराइड घालून सल्फेटबरोबर खाली बसवतात. आमच्या मते युरेनियम प्रकल्पाची पारख यलोकेकच्या टनांवर नको, या तळ्याच्या देखभालीवर करावी. खाण बंद झाल्यावरही तळे तिथेच राहते.

प्रश्न : पंजाबात बोअरच्या पाण्यात युरेनियम आढळल्याचे वाचले. पाणी उकळले तर पुरे का?
– गृहिणी, नागपूर

उत्तर : नाही. उकळल्याने पाणी आटते, युरेनियम तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण वाढतेच. आरओ यंत्राने ते बरेच कमी होते. साध्या मेणबत्ती फिल्टरने किंवा यूव्ही दिव्याने होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. ती किरणोत्सारापेक्षा मूत्रपिंडावरच्या रासायनिक परिणामावर बेतलेली आहे. तपासणीला नमुना देताना बोअर आधी काही मिनिटे चालवा, आणि बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. नायट्रिक आम्ल घातलेली नसेल तर युरेनियमचा काही भाग बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि आकडा खोटा कमी येतो.

प्रश्न : दख्खनचे लाव्हाचे थर ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत हे युरेनियमवरून ठरवले म्हणतात. पण वर तुम्हीच सांगता की बेसॉल्टमध्ये युरेनियम नसल्यासारखेच आहे!
– भूगोलाचा विद्यार्थी, सातारा

उत्तर : बरोबर पकडलेत. बेसॉल्टमध्ये झिरकॉन या खनिजाचे स्फटिकही सहसा बनत नाहीत. मोजणी केली ती दोन थरांच्या मधल्या लाल पट्ट्यांत सापडलेल्या झिरकॉनवर. घाटरस्त्याच्या कड्यात दिसणारी ती विटकरी रेघ म्हणजे त्या काळची माती, आणि काही ठिकाणी तीत सिलिकायुक्त ज्वालामुखी राख मिसळलेली असते. झिरकॉन बनताना युरेनियम आत घेतो आणि शिसे बाहेर ठेवतो, म्हणून आत सापडलेले शिसे नंतरच्या ऱ्हासाचे.

६.६ कोटी वर्षांत दर ९७ युरेनियम-२३८ अणूंमागे शिसे-२०६ चा जेमतेम १ अणू तयार होतो. इतक्या थोड्या शिशात बाहेरची धूळ मिसळली तर सगळेच बिघडते. काही किलो मातीतून जड द्रव आणि चुंबकाच्या मदतीने जड कण वेगळे करतात, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक झिरकॉन वेचतात. मग तो सुमारे ९०० अंशांवर दोन दिवस भाजतात आणि हायड्रोफ्लोरिक आम्लात काही तास ठेवतात. किरणोत्साराने खिळखिळे झालेले, शिसे गळालेले भाग आधी विरघळून जातात आणि घट्ट गाभा उरतो. ही पायरी गाळली तर वय खरे असते त्याहून कमी येते. उरलेला गाभा पूर्ण विरघळवून, ज्ञात प्रमाणात कृत्रिम शिसे-२०५ मिसळून मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रावर, मोजतात. प्रयोगशाळेतून आत शिरणारे शिसे १ पिकोग्रॅमच्या (ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्या) आसपास किंवा त्याखाली ठेवावे लागते.

युरेनियम-२३५ चे दुसरे घड्याळ त्याच स्फटिकात चालू असते. जुन्या झिरकॉनमध्ये दोन्ही वये जुळली नाहीत तर शिसे गळाले हे लगेच कळते. इतक्या तरुण स्फटिकात मात्र ते दुसरे घड्याळ कमी अचूक असते, म्हणून एका कणावर न थांबता त्याच थरातले अनेक कण मोजतात. तेही सावधपणे : वाऱ्यापाण्याने दुसरीकडून आलेला जुना झिरकॉन त्या मातीत असू शकतो, आणि म्हणून वय काढताना सर्वांत तरुण कणांच्या गटावर भर देतात.