काट्यावरचा आकडा बातमीत लिहिताना

वाचकांचे प्रश्न, क्रीडा विभागाची उत्तरे

यूएफसी या अमेरिकेतल्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतींत खेळाडूंचे वजन घेतात, त्याच्या बातम्या मी मराठीत लिहितो. पौंडांचे किलो केले की माझे आकडे दुसऱ्यांशी जुळत नाहीत. कुठे चुकते? (खानापूर)

गुणाकार सहसा चुकत नाही, घोळ होतो तो आकडा पूर्ण करताना. १ पौंड म्हणजे ०.४५३५९ किलो. मे २०२२ मध्ये यूएफसी २७४ या कार्यक्रमाआधी १५५ पौंड गटाचा तेव्हाचा विजेता चार्ल्स ऑलिव्हेराचे वजन १५५.५ पौंड भरले. किताबाच्या लढतीची मर्यादा १५५ होती. किलोत हे ७०.५३ आणि ७०.३१, म्हणजे फरक सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. पण पूर्णांकात ७१ आणि ७० लिहिले की तो गडी एक किलोने जास्त भरल्यासारखा दिसतो. म्हणून आधी काट्यावरचा मूळ आकडा पौंडात द्यावा आणि पुढे दोन दशांशांपर्यंत किलो. दुसऱ्याने छापलेल्या किलोंचे पुन्हा पौंड करू नयेत, त्यात त्याची चूकही आपल्या गळ्यात पडते.

मर्यादा लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. यूएफसीत किताब नसलेल्या लढतीत १ पौंड सूट असते, त्यामुळे याच गटात १५५.५ चालले असते. पहिल्यांदा वजन जास्त भरल्यावर अनेकदा तासाभराची मुदत मिळते. अशा वेळी दोन्ही आकडे द्या आणि कोणता अंतिम तेही लिहा.

शब्दही जपून वापरा. वजन जास्त भरलेला प्रत्येक जण ‘अपात्र’ होत नाही. ऑलिव्हेराचा किताब गेला, तरी लढत झाली आणि ती त्याने जिंकलीही. किताब मात्र रिकामाच राहिला. इतर लढतींत बहुतेकदा जास्त भरलेल्याच्या मानधनाचा ठरावीक हिस्सा प्रतिस्पर्ध्याला जातो आणि लढत होते.

विनेश फोगाटचे वजन आदल्या दिवशी बसले होते. मग अंतिम फेरीआधी ती बाद कशी झाली? (निपाणी)

ऑलिंपिक कुस्तीत एका वजनगटाची स्पर्धा दोन दिवस चालते आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन घेतात. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी पुढे खेळणाऱ्यांसाठी १५ मिनिटे. त्या वेळात कितीही वेळा काट्यावर चढता येते. पॅरिसमध्ये ६ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश ५० किलोत बसली आणि तीन कुस्त्या जिंकली. ७ तारखेला सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि त्या वेळच्या नियमानुसार ती शेवटच्या क्रमांकावर गेली. क्रीडा लवादाने तिचे अपील १४ ऑगस्टला फेटाळले. तेव्हा ‘वजन बसले’ एवढेच लिहू नका, कोणत्या दिवशीचे तेही हवे. ५०.१ म्हणजे ५० किलो १०० ग्रॅम. त्याचे ‘१० ग्रॅम’ करणारे कमी नाहीत.

आणखी एक. आंतरराष्ट्रीय कुस्तीत बहुतेक वेळा मल्ल वजनात बसला की नाही एवढेच कळते, प्रत्येकाचे नेमके किलो जाहीर होत नाहीत. ५७ किलो गटातल्या मल्लापुढे ‘वजन ५७.०’ असे मनाने भरू नका.

जत्रेच्या मैदानातल्या कुस्तीला वजनगट लिहावा का? (बेळगाव)

वजन घेतलेच नसेल तर नाही. मातीच्या मैदानात जोड वस्ताद आणि पंच नजरेने, मल्लाचा लौकिक पाहून लावतात. तिथे कुस्तीचा नंबर, बक्षीस आणि ती निकाली झाली की बरोबरीत सुटली एवढे पुरे. पोस्टरवर मल्लाच्या नावापुढे किलो छापलेले असतील तर ते संयोजकांचे म्हणून लिहा.

तालुक्याच्या गादीवरच्या स्पर्धेत मी स्वतः वजनाला हजर असतो. काय टिपून घ्यावे? (चिक्कोडी)

आधी काटा कुठे ठेवलाय ते बघा. इलेक्ट्रॉनिक काटा जाजमावर किंवा उंचसखल फरशीवर ठेवला तर चुकीचे वजन दाखवतो. माणूस उतरल्यावर आकडा शून्यावर येतो का? मल्ल चढल्यावर आकडा हलत असतो, तो स्थिर झाल्यावरच घ्या. काटा १०० ग्रॅमच्या टप्प्याने दाखवत असेल तर ६१.०४ सारखा आकडा त्यावर येऊच शकत नाही. कुणी तसा सांगितला तर तो दुसऱ्या काट्यावरचा असतो. मल्लाने घरच्या किंवा तालमीतल्या काट्यावर पाहिलेले वजन बातमीत घेऊ नका.

वेळ, अंगावरचे कपडे आणि कितवा प्रयत्न हेही लिहून ठेवा. अधिकृत आकडा पंचांच्या सहीच्या यादीतला. तुमच्या डोळ्यांनी पाहिलेला वेगळा असेल तर आधी पंचांना विचारा. आपल्याकडे एकाच नावाचे तीन-तीन पाटील निघतात, शिवाय सरकारी यादीत आद्याक्षरे लिहिण्याची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी असू शकते. गाव, तालीम आणि गट जुळल्याशिवाय नाव टाकू नका.

यूएफसीची अमेरिकेतली वजने नेमकी केव्हा पाहावीत? (अथणी)

लास व्हेगासमध्ये सकाळी ९ वाजता वजने सुरू झाली तर उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. खरी वजने ही सकाळचीच. नंतर व्यासपीठावर प्रेक्षकांसमोर मल्ल पुन्हा काट्यावर उभे राहतात तो देखावा असतो, तिथला आकडा घेऊ नये. शनिवारी रात्रीच्या लढती इथे रविवारी सकाळी दिसतात, म्हणून बातमीत ‘आज’, ‘उद्या’ न लिहिता तारीख द्या.