पहिली डेलोरिअन बांधताय? मग हे आधी वाचा

डेलोरिअन म्हणजे 'बॅक टू द फ्युचर' सिनेमांतली काळप्रवास करणारी गाडी. तिचं छोटं प्लास्टिक मॉडेल सुट्या भागांच्या किटमधून पहिल्यांदाच बांधताय आणि त्यातच दिवेही बसवायचे म्हणताय. हौस झकास आहे, पण दिवे दुसऱ्या किटसाठी ठेवा.

आधी ठरवा, 'बॅक टू द फ्युचर'च्या कोणत्या भागातली गाडी हवी. पहिल्या भागातल्या (१९८५) गाडीला वीज पकडायला मागे दांडा आणि हुक आहे, दुसऱ्यातली चाकं आडवी करून उडते, तिसऱ्यातल्या गाडीच्या बॉनेटवर जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हची पेटी आणि टायरला पांढरे पट्टे. तिन्हींचे फोटो बघत बांधलीत तर ती कुठल्याच सिनेमातली राहत नाही.

आओशिमा कंपनीचं किट १/२४ मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं; पोलर लाइट्स कंपनीचं १/२५. फरक किरकोळ वाटतो, पण एकाचे सुटे भाग दुसऱ्याला लावायच्या फंदात पडू नका.

बहुतेक नवे लोक रंगात फसतात. खऱ्या गाडीला रंग नव्हताच, ते घासलेलं स्टेनलेस स्टील. चकचकीत चंदेरी मारून वर ग्लॉस (चमकदार पारदर्शक थर) दिलात की झालं खेळणं!

- भाग भांड्यांच्या साबणाने धुवा, वाळवा, प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) द्या. मग धातूछटेचा रंग, पातळ थरांत. वर ग्लॉस नको.
- काचांना सुपरग्लू नको, पांढरट डाग पडतात. फेविकॉल पुरतो.
- दरवाजे आणि छत गोंदाआधी कोरडेच बसवून बघा.

हात शिवशिवतच असतील तर बाहेरच्या केबल्स बदला. किटच्या भागांवर साच्यातूनच आलेल्या जाड्या प्लास्टिकच्या वायरी तासून काढा आणि बारीक तार वाकवून लावा. जुन्या इअरफोनची वायरही चालते.